लोहाचा जमाखर्च

राज्य शासनाच्या कोषालयात आमची बत्तीस वर्षे गेली. कोणताही विषय समोर आला, की त्यातील आवक आणि जावक आधी पाहावी, ही खोड त्यामुळे जडली आहे. रक्तक्षयाचा विषय या दृष्टीने पाहू लागलो, तेव्हा शरीराइतका काटकसरी खजिनदार सबंध सेवाकाळात पाहिला नव्हता, असे मान्य करावे लागले.

प्रौढ माणसाच्या देहात लोह असते अवघे ३ ते ४ ग्रॅम. त्यातील सुमारे दोनतृतीयांश तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले. ही पेशी अस्थिमज्जेत तयार होताना आपले केंद्रकही टाकून देते. प्राणवायू वाहण्यास जागा हवी ना! सुमारे १२० दिवस ती राबते आणि थकली, की बहुधा पानथरीत मोडली जाते. तिच्यातील लोह मात्र वाया जात नाही. रोज सुमारे २० मिलिग्रॅम लोह असे परत मिळून नव्या पेशींच्या कामी लागते. अन्नातून भर पडते ती १ ते २ मिलिग्रॅमचीच. एवढ्या बंदोबस्तात मोठी गळती होते ती रक्त गेल्याने.

ही जावक बायकांच्या खात्यावर दरमहा पडते. एका गरोदरपणाची मागणी तर सुमारे १ ग्रॅमची. आता आवक पाहा. इंदूरच्या आमच्या वाड्यात आधी पुरुष व मुले जेवत, शेवटी बायका. तोवर पातेल्यात पालेभाजी उरली तर उरली. त्यात चतुर्थी, एकादशी, गुरुवार. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. वर जेवणानंतरचा चहा, जो धान्य-भाज्यांतील लोह नीट शोषू देत नाही.

घर खातेपिते होते. तरीही आमच्या थोरल्या वहिनी पदराआड पाटीवरची पेन्सिल खात. मुले हसत, मातोश्री रागावत. जिना चढताना त्या मध्येच कठडा धरून उभ्या राहत, तेव्हा ‘नाजूक प्रकृती’ म्हणून विषय मिटे. तिसऱ्या खेपेस दिवस भरत आल्यावर रक्त तपासले. गरोदरपणी हिमोग्लोबिन निदान ११ ग्रॅम हवे, निघाले ५.८. वहिनी वाचल्या, मूल वाचले नाही. पुढे कित्येक महिने लोहाच्या गोळ्या घेतल्यावर पेन्सिलीची ती ओढही गेली. पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे लोहाच्या तुटीचे लक्षण असू शकते, हे वाड्यात कोणाला ठाऊक नव्हते.

मात्र प्रत्येक फिकटपणा लोहाच्या नावे टाकणे बरोबर नाही. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईत आल्या. तेथील गरीब गरोदर स्त्रियांच्या रक्तात त्यांना तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या आढळल्या. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया सुधारल्या, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. आमच्याच राज्यात झाबुआ-अलीराजपूरकडे सिकलसेलचा आजार आहे. तेथे दोष पेशीच्या घडणीतच, आईबाप दोघांकडून आलेला. अशी पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. तिथे बाजारचे टॉनिक काय करणार?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हेच प्रमाण ५३ होते. वाड्यातल्या पंगती केव्हाच मोडल्या, आणि आकडा हा असा.

आमच्या सूनबाईंनी घरात तीन नियम केले आहेत. सर्वांनी एकदम जेवायला बसायचे, वरणभातावर लिंबू पिळायचे आणि चहा जेवणानंतर तासाभराने. पहिल्या दोहोंस आमची पूर्ण संमती आहे. चहाच्या बाबतीत पत्रव्यवहार सुरू आहे.