दर तिसऱ्या बाजाराला

आमच्या तालुक्याचा बाजार गुरुवारी भरतो. गेली कित्येक वर्षे दर तिसऱ्या बाजाराला मी मुलीला घेऊन तालुक्याला जात आले. बाजार नुसता निमित्ताला, खरे काम दवाखान्यात असते, एका सुईचे. ही सुई कशाची, ती का घ्यायची आणि आम्ही ती चुकवली तेव्हा काय झाले, हे तुम्हांला सांगावे म्हणून हे चार शब्द लिहीत आहे. तुमच्या घरात पाच ते पंधरा वर्षांचे लेकरू असेल, तर जरा बैजवार वाचा.

२०१६ सालच्या श्रावणातली गोष्ट. मुलगी तेव्हा ९ वर्षांची होती. आधी घसा दुखला, थोडा ताप आला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि हळदीचे दूध दिले. चार दिवसांत बरी झाली आणि आम्ही ते विसरूनही गेलो. पुढे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप भरला आणि गुडघा सुजला. कुठे पडली असेल म्हणून लेप लावला. गुडघा उतरला तर घोटा धरला, घोटा सुटला तर कोपर. अंगावर चादर टेकली तरी पोर ओरडायची. सासूबाई म्हणाल्या, "वात आहे, शेकून काढा." शेकले. ताप हटेना, तेव्हा तालुक्याला नेले.

डॉक्टरांनी रक्त तपासले, हृदयाची सोनोग्राफी केली आणि रोगाचे नाव सांगितले, ऱ्हुमॅटिक फीवर, म्हणजे संधिवाताचा ताप. औषधाने थोड्याच दिवसांत सांधे मोकळे झाले. आम्हांला वाटले, सुटलो. पण डॉक्टरांनी आम्हां दोघांना समोर बसवून घेतले.

"ताप गेला, पण त्याची खोड गेलेली नाही," ते म्हणाले. "घशात तो जंतू पुन्हा शिरला की हा ताप उलटू शकतो. सांध्यांचे फारसे बिघडत नाही, ते पूर्ववत होतात. धोका आहे तो हृदयाच्या झडपांना. झडप एकदा आखडली की ती औषधाने सरळ होत नाही. आज हिचे हृदय चांगले आहे. ते तसेच राखायचे, तर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनची सुई घ्यायची. १८ वर्षांची होईपर्यंत."

ह्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, दुखतो घसा आणि बिघडते हृदय, हे कसे काय?"

डॉक्टर शेतकऱ्याच्याच घरातले. म्हणाले, "कांद्याच्या रोपात गवत माजले की ते रोपासारखेच दिसते ना? घाईने खुरपताना गवताबरोबर रोपही उपटले जाते. शरीराचेही तसेच होते. जंतू मारायला निघालेले रक्तातले शिपाई जंतूसारख्या दिसणाऱ्या हृदयाच्या भागावरच घाव घालतात."

येताना एस. टी.त मी मनाशी हिशेब केला. वर्षाला सतरा सुया. नऊ वर्षांत दीडशेच्या वर. माझ्या मांडीवर डोके ठेवून पोर झोपली होती. तिला हे सांगायचे कसे?

घरी आल्यावर तीन माणसांची तीन मते झाली. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या जातीला नऊ वर्षे सुया? गावभर बोभाटा होईल. उद्या सोयरीक कोण जुळवील?" ह्यांची शंका वेगळी. कांद्यावर एकच औषध सारखे फवारले की फुलकिडे त्याला दाद देत नाहीत, मग एकच पेनिसिलिन नऊ वर्षे कसे चालेल? आणि माझ्या मनात भीती होती ती रिअॅक्शनची. पेनिसिलिनच्या सुईने माणूस दगावल्याचे मी ऐकले होते. आज धडधाकट दिसणाऱ्या लेकराला पुढे कधीतरी येईल न येईल अशा रोगासाठी असली सुई टोचून घ्यायची, याला माझा जीव धजत नव्हता.

शेवटी आम्ही शंका पोटात न ठेवता पुढच्या गुरुवारी डॉक्टरांपुढे मांडल्या. हे काम तुम्हीही लाजू नका, जरूर करा.

डॉक्टर म्हणाले, "फुलकिड्यांची गोष्ट खरी, पण घशाचा हा जंतू अजून पेनिसिलिनला सरावलेला नाही. रिअॅक्शन येऊ शकते, नाही म्हणणार नाही, पण फार क्वचित. म्हणून आधी चाचणी घ्यायची, सुई दवाखान्यातच घ्यायची आणि नंतर अर्धा तास तिथेच बसायचे. रिअॅक्शन आली तर तिच्यावरचे औषध आमच्या हाताशी असते. सुई नकोच असेल तर गोळ्याही आहेत, रोज दोनदा. नऊ वर्षे एकही न चुकता द्याल?" आम्ही दोघेही गप्प बसलो. सुगीत आम्हांला आमच्या जेवणाची शुद्ध नसते. सोयरिकीचे ऐकून ते एवढेच म्हणाले, "सुई घेणाऱ्या मुलीला संसाराला काही अडत नाही. झडप आखडलेल्या मुलीला मात्र बाळंतपणात धाप लागते, जिवावर बेतते."

सुई सुरू झाली. औषध दुधासारखे पांढरे, दाट. कमरेखाली टोचतात, तिथून ते हळूहळू रक्तात उतरते आणि तीन आठवडे पुरते. सुई जाड लागते. पोर दोन दिवस लंगडायची. पहिले वर्षभर ती दवाखान्याच्या पायरीपासूनच रडायची आणि मी तोंड फिरवून उभी राहायचे. परतताना बाजारात गोडीशेव घेऊन द्यायचे.

दीड वर्ष सरले. ताप नाही, सूज नाही. पोर शाळेत धावण्यात पहिली आली. आणि इथेच आम्ही चुकलो.

२०१८ साली मार्चमध्ये कांदा काढणीला आला. मजूर मिळेनात, आभाळ भरून येऊ लागले. एका गुरुवारी ठरले, कांदा आधी चाळीत पडू दे, सुई पुढच्या बाजाराला. पुढच्या वेळी नात्यातले लग्न निघाले. तिसऱ्या वेळी निमित्तही लागले नाही. पोर हुंदडते आहे, मग सुई कशाला, असे मलाही वाटले. तिला बरे दिसते आहे ते सुईमुळेच, हे माझ्या ध्यानात आले नाही. रोग दिसतो म्हणून आपण औषध देतो. दिसेनासा झाला की हात आखडतो.

जूनमध्ये घसा दुखला. आषाढात ताप भरला आणि गुडघा सुजला. या खेपेला आणखी एक होते. माळवदावर चढताना ती मध्येच थांबून धापा टाकू लागली. सोनोग्राफीत दिसले, एक झडप थोडी गळते आहे. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते. म्हणाले, "आता १८ नाही. २५ वर्षांची होईपर्यंत."

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. उशिरा मला म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. उंबरा ओलांडला तरी धापायची. त्यातच गेली. लहानपणी तिचेही गुडघे सुजायचे." तिला काय झाले होते ते कोणी तपासले नाही, आता सांगताही येणार नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी चुलीशेजारच्या भिंतीवर गेरूने रेघा ओढायला सुरुवात केली. प्रत्येक बाजाराला एक रेघ. तिसरी रेघ आली की आदल्या रात्रीच म्हणतात, "उद्या जायचे बरे का." त्यानंतर आमचा एकही बाजार चुकला नाही. झडपेची गळती वाढलेली नाही. वर्षातून एकदा सोनोग्राफी होते.

२०२५ साली मुलीला १८ पुरी झाली. त्या दिवशी तिने मला विचारले, "आई, आज सुया संपल्या असत्या ना?" मी "होय" म्हणाले. दुसरे काय म्हणणार? ती माझ्यावर रागावली नाही. आता ती आपली सुई आपण एकटी जाऊन घेऊन येते.

म्हणून तुम्हांला सांगणे आहे. प्रत्येक घसादुखी या जंतूची नसते, पण ताप आणि घसादुखी एकदम आली तर लेकराला डॉक्टरांना दाखवा आणि दिलेले औषध पुरते संपवा. सूज एका सांध्यातून दुसऱ्यात फिरू लागली तर वात म्हणून शेकत बसू नका. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुले तपासायला पथक येते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हृदयाचा हा आजारही धरला आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि सुई चालू असेल तर ती बाजाराच्या वाराला बांधून टाका, म्हणजे २१ दिवस वेगळे मोजावे लागत नाहीत. औषध कधी कधी मिळत नाही, म्हणून पुढच्या खेपेची सोय आधीच विचारून ठेवा.

आमच्या भिंतीवर आज दोन रेघा आहेत. तिसरी येत्या गुरुवारी.