उजवा पाय नाशिकचा

आमच्या बैठकीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटावर एक वीरपुरुष वर्षातले जवळजवळ सगळे दिवस एका पायावर उभा असतो. उभा असतो म्हणण्यापेक्षा शब्दकोशाच्या जाड खंडाला टेकून असतो, असे म्हणणे अधिक खरे. त्याला दोन हात आहेत, रुंद छाती आहे, डोक्याला शिरस्त्राण आहे. नाही तो फक्त उजवा पाय. नवा माणूस घरी आला की आधी त्याच्याकडे पाहतो, मग माझ्याकडे, आणि हळहळून विचारतो, "मोडलं वाटतं?"

"छे, छे! मोडलं नाही," मी सांगतो. "त्याचा उजवा पाय नाशिकला असतो."

हा वीर म्हणजे माझ्या नातवाचे खेळणे. मुळात त्या पाच मोटारगाड्या. एक मोठा मालट्रक, दोन शर्यतीच्या मोटारी, एक क्रेन आणि एक लाल बंब. प्रत्येक गाडीची दारे-चाके उलटसुलट दुमडली की तिचा एक छोटा यंत्रमानव होतो. आणि पाचही एकमेकांत अडकवले की ट्रकचे धड, मोटारींचे हात, क्रेनचा डावा पाय आणि बंबाचा उजवा, असा हातभर उंचीचा एक महामानव उभा राहतो. माझ्या मुलाने तो कुठल्याशा विमानतळावरून आणला. खोक्यावरचे नाव मी सांगत नाही. मला कारखान्यावर फिर्याद करायची नाही. पुढे जे घडले त्यात पहिला आरोपी मीच आहे.

आता बंब नाशिकला कसा गेला, ते सांगतो. चार वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला माझी नाशिकची नात, म्हणजे लेकीची मुलगी, आपल्या मामेभावाला ओवाळायला बसली. तबकात घालायला नातवाच्या आईने पाकीट तयार ठेवले होते. पण चिरंजीव उठले, आत गेले आणि बंब आणून त्यांनी तबकात ठेवला. तेव्हा त्याचे वय सात होते. "अरे, सेट मोडेल!" असे कोणीतरी म्हणाले. त्यावर त्याने शांतपणे सांगितले, "मोडत नाही. ती दिवाळीला येताना आणेल."

तेव्हापासून हा महामानव वर्षातून एकदाच पूर्ण होऊ लागला. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले, फराळाची ताटे मांडली गेली, की नाशिकच्या पिशवीतून बंब निघायचा, कट्ट असा आवाज व्हायचा आणि वीर दोन पायांवर उभा राहायचा. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाइतकाच हाही एक विधी झाला होता.

तिसऱ्या दिवाळीला पाय राहीना. कट्ट आवाजही झाला नाही. लावला की दोन श्वास टिके, मग वीर हळूच उजवीकडे कलायचा आणि चिवड्याच्या ताटलीत कोसळायचा. मुले हसली. दुसऱ्यांदा पडला तेव्हाही हसली. पाचव्या खेपेला मात्र माझी सून म्हणाली, "वन्सं, बंब फार खेळला गेलेला दिसतोय तुमच्याकडे." एरवी ती माझ्या लेकीला नावाने हाक मारते. तिने 'वन्सं' म्हटले की मी वर्तमानपत्राची घडी करतो.

"आमच्याकडे खेळतात, वहिनी, पण जपून," लेक म्हणाली. "खळगाच सैल झालाय. तो इथलाच आहे ना?"

बोलणे खेळण्याचे होते आणि नव्हतेही. मुलांची आजी जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. तिच्या पाटल्या कोणाकडे राहाव्या यावर कोणी काही बोलले नव्हते. आणि जे बोलले जात नाही ते घरात कोठून तरी बाहेर पडतेच. त्या दिवशी ते एका प्लॅस्टिकच्या पायातून बाहेर पडत होते.

मी न्यायाधीश झालो. चष्म्यावर भिंग धरून दोन्ही बाजूंची तपासणी केली, आणि खरे सांगतो, इतकी वर्षे घरात असलेल्या या वस्तूकडे मी प्रथमच नीट पाहिले.

बंबाच्या टोकाला बोराएवढा एक गोळा आहे. ट्रकच्या कमरेत त्याच्यासाठी खळगा. खळग्याचे तोंड गोळ्याहून केसभर लहान. गोळा दाबला की खळग्याच्या भिंती क्षणभर फाकतात, तो आत जातो, आणि परत मिटू पाहणाऱ्या भिंती त्याला चारी बाजूंनी आवळून धरतात. सारी पकड त्या आवळण्याची. त्यात खिळा नाही की स्क्रू नाही. पाय फिरवला की गोळा घासतो. प्रत्येक फिरवण्यात अगदी कणभर झिजतो. बरे, खेळलोच नाही, नुसता जोडून कपाटावर ठेवला, तर? तरीही सुटका नाही. सतत ताणलेले प्लॅस्टिक महिनोन्‌महिने तसेच राहिले की हळूहळू त्या ताणाला सरावते आणि मिटण्याची ओढ विसरते. जोडलेला सांधा वापराने झिजतो, आणि न वापरता ठेवला तर आळसावतो.

भिंगातून दिसले ते असे. खळग्याच्या ओठावर एक बारीक पांढरी रेघ उमटली होती. हे कडक, चकचकीत प्लॅस्टिक फार वाकवले की तेथे असेच पांढरे पडते. विचारता विचारता नातवाने कबूल केले की वर्षभर तो रिकाम्या जागी क्रेन बसवून पाहत होता, पेन्सिलही खुपसत होता. वीर एका पायावर बरा दिसत नाही म्हणून. आणि बंबाच्या गोळ्यावर सभोवार एक चर पडली होती. नातीने खाली मान घालून सांगितले की त्या गोळ्याला दोरा बांधून ती बंब घरभर ओढायची. तिथेच दोरा छान अडकतो.

मी निकाल दिला, "दोष निम्मा निम्मा." असा निकाल दोन्ही पक्षांना सारखाच नावडतो, हे कोर्टाच्या पायऱ्या न चढलेल्या माणसालाही ठाऊक असते.

खरे तर याहून मोठा एक दोष या खेळण्यांच्या जातीतच आहे. त्यांचे मूळ जपानात. १९७४ मध्ये 'गेटर रोबो' या जपानी चित्रमालिकेत तीन विमाने एकत्र येऊन एक महाकाय यंत्रमानव होऊ लागला. चित्रकाराचा कुंचला लोखंडाला रबरासारखे ताणू शकतो. खेळणी करणाऱ्याला ते कसे साधावे? १९७६ च्या 'कॉम्बॅट्लर व्ही'मधली पाच याने अशी आखली गेली, की ती मुलांच्या हातातही खरोखर जुळावीत. पुढे १९८४ मध्ये हॅसब्रो या अमेरिकन कंपनीने ताकारा या जपानी कंपनीची रूपे बदलणारी खेळणी घेऊन 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने बाजारात आणली, आणि लवकरच त्यांच्यात एक धड आणि चार अवयव असे संच निघाले. कोणतीही गाडी हाताच्या जागी बसवा नाहीतर पायाच्या, सांधा एकच. आजचा हात उद्याचा पाय! मुलांची चैन झाली, पण सारा भार त्या सांध्यावर आला.

भार किती, याचा हिशेब गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात राक्षसाच्या हाडांविषयी लिहिताना मांडून ठेवला आहे. तीच आकृती, तेच द्रव्य, उंची मात्र दुप्पट केली, तर वजन आठपट होते. शिवाय तिरपा हात किंवा पाय सांध्यापासून दुप्पट लांब गेलेला असतो. म्हणजे सांध्याला पिळणारा जोर सोळापट. छोटा यंत्रमानव एकटा असताना ज्या सांध्याने ऐटीत हात उगारतो, त्याच मापाचा सांधा महामानवाला सावरताना घायकुतीला येतो. एकेकटे असताना कोणी पडत नाही. एकत्र आले की पडतात. हे वाचून कोणाला एकत्र कुटुंबाची आठवण झाली तर माझा इलाज नाही.

पाडव्याला संध्याकाळी पाहुणे यायचे होते. दोघी स्वयंपाकघरात होत्या, आणि भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. निदान एक भांडण तरी कायमचे मिटवावे, अशा सद्हेतूने मी टेबलाच्या खणातली ती चिमुकली नळी काढली. हा झटपट चिकटणारा डिंक १९४२ मध्ये हॅरी कूव्हर हे अमेरिकन रसायनतज्ज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत असताना सापडला, आणि तो हात लावील त्याला चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला सारला गेला. हवेतल्या ओलाव्याच्या अंशानेही तो क्षणात घट्ट होतो. मी दोन थेंब खळग्यात सोडले, गोळा दाबला, आणि तीसपर्यंत आकडे मोजले.

पाय बसला. असा बसला की वीराला हालवले तर कपाट हालेल! पाहुण्यांनी कौतुक केले. मीही केले.

भाऊबीजेच्या दिवशी ओवाळणे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकची मंडळी निघाली. नात बंब घ्यायला कपाटापाशी गेली. तिने ओढला, फिरवला, पुन्हा ओढला. मग माझ्याकडे पाहिले. मी काय केले ते मला सांगावे लागले. ती रडली नाही. रडली असती तर मी सुटलो असतो. तिने विचारले, "आजोबा, मग पुढच्या दिवाळीला मी काय आणू?"

मला उत्तर सुचले नाही. नातू पलीकडे उभा होता. त्याला त्याचा वीर पुरा मिळाला होता, वर्षभरासाठी, आणि तो त्याच्याकडे बघतही नव्हता. पुढे पंधरा दिवस त्याने त्याला हात लावला नाही.

त्या पंधरा दिवसांत मी पुष्कळ शिकलो. तो डिंक थंडीत ठिसूळ होतो, असे समजल्यावर वीराला पिशवीत घालून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवले. सकाळी हलक्या हाताने पिळून पाहिले. सांधा सुटला, पण गोळ्याची मान तडकली. मग मी ते सारे रुमालात बांधून आमच्या कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे नेले. त्याने डोळ्याला भिंग लावले, मानेच्या दोन्ही बाजूंना सुईएवढी भोके पाडली, पितळी तारेचा तुकडा आत घालून मान जोडली आणि म्हणाला, "काका, इथे आता काही होत नाही. पण गोळा सैलच राहणार. त्याला दरवर्षी बघावं लागेल."

बघायचे कसे, तेही कळले. सुताराचा पांढरा गोंद गोळ्यावर अगदी पातळ लावायचा, आणि तो पुरता वाळेपर्यंत खळग्याच्या जवळही न्यायचा नाही. वाळला की त्याचा कागदासारखा पापुद्रा होतो. गोळा तेवढाच जाड होतो आणि पुन्हा आवळला जातो. झिजला की कोमट पाण्यात भिजवून काढायचा आणि नवा लावायचा. कारण सांध्याने धरायचेही असते आणि सोडायचेही असते. नुसते धरायचे असते तर माझ्या दोन थेंबांत ते झालेच होते.

कार्तिक संपायच्या आत मी स्वतः बंब नाशिकला पोचवला. जाताना पाटल्यांची डबीही बरोबर नेली होती. एक लेकीला, एक सुनेला, असे मला वर्षापूर्वीच म्हणता आले असते. लेकीने डबी उघडली नाही. म्हणाली, "वहिनी असेल तेव्हा उघडू." मी डबी परत पुण्याला आणली, आणि सुनेला तेच वाक्य सांगितले. ती काही बोलली नाही. पण त्या रात्री नाशिकला तिने तासभर फोन केला.

गेल्या दिवाळीला, नरकचतुर्दशीच्या पहाटे, मुलांचे उटणे-स्नान आटोपल्यावर बंबाचेही झाले. वाटीभर कोमट पाण्यात नातीने गोळा बुडवला, नातवाने जुना पापुद्रा सोलला, नवा गोंद लावला, आणि दोघे फुंकर घालत बसली. "फुंकू नका, वाळू द्या," मी सांगितले. फराळ झाला तरी वीर बसूनच होता. दुपारी तो उभा राहिला. कट्ट आवाज झाला.

संध्याकाळी पणत्या लावायच्या वेळी पाय पुन्हा निखळला. दोघी जवळच होत्या. दोघींच्या हातात एकेक पाटली होती. सुनेने जमिनीवरून पाय उचलला, लेकीने धड धरले.

"गोंदाची बाटली कुठे आहे?" एवढेच कोणीतरी विचारले.