नोंदवहीचा नकाशा

भूगोलाच्या विद्यार्थिनीला वैमानिकाच्या नोंदवहीशी काय कर्तव्य, असा प्रश्न वर्गातील मैत्रिणींनी मला या वर्षी अनेकदा विचारला. प्रश्न रास्त आहे. मी खऱ्या विमानात अजून बसलेलीसुद्धा नाही. तरीही माझ्या नावावर तीनशे उड्डाणे जमा आहेत. ती सारी घरातल्या संगणकावरची, म्हणजे सिम्युलेटरमधली. हा खेळ काही नवा नव्हे. ब्रूस आर्टविक या अमेरिकन माणसाने रचलेला फ्लाइट सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टने १९८२ साली बाजारात आणला होता. मी वापरते तो ‘एक्स-प्लेन’. २०२० च्या टाळेबंदीत उंबरठा ओलांडण्याची चोरी झाली, तेव्हा धाकट्या भावाने तो संगणकावर उतरवून घेतला आणि मी बळकावला.

वैमानिकाची खरी पुंजी म्हणजे त्याचे लॉगबुक. किती तास उडाला, त्यांतले रात्रीचे किती, किती वेळा उतरला, यावर त्याची पत ठरते. सिम्युलेटरही ही रीत इमानाने पाळतो. एका उड्डाणाला एक ओळ: तारीख, निघाल्याचे ठिकाण, उतरल्याचे ठिकाण, तास, विमानाची जात. ठिकाणांची नावे मात्र चार अक्षरी सांकेतिक. ‘व्हीएओझेड’ म्हणजे आपले ओझर, ‘व्हीएबीबी’ म्हणजे मुंबई, ‘व्हीएएनपी’ म्हणजे नागपूर. ‘व्हीए’ ही जोडी पश्चिम भारताची, ‘व्हीओ’ दक्षिणेची, ‘व्हीई’ पूर्वेची. ज्याला ठाऊक त्याला यात अर्थ आहे. इतरांना ती रद्दीच.

आमच्या आजोबांनी एकदा ती यादी चष्मा पुसून पुसून पाहिली. आजोबा १९७० साली ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि छत्तीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. ते म्हणाले, “पोरी, ही तर वाण्याची यादी झाली. तू गेलीस कुठे, ते मला नकाशावर दाखव.”

दाखवायचे कसे? खेळात तशी सोय मला सापडेना. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत, पायथन या संगणकभाषेची मला आली तेवढी बाराखडी गिरवत, मीच एक छोटी आज्ञावली लिहायला घेतली. कामे तीन होती. पहिले, वहीतील ओळी फोडून निघाल्याचे व उतरल्याचे ठिकाण वेगळे काढणे. दुसरे, त्या संकेतांवरून अक्षांश-रेखांश शोधणे. त्यासाठी ‘अवरएअरपोर्ट्स’ नावाची जगभरच्या विमानतळांची यादी कुणालाही फुकट मिळते. तिसरे, ती माहिती गूगल अर्थला समजेल अशा फाइलीत उतरवणे. इथे एक गंमत आहे. आपण शाळेपासून आधी अक्षांश आणि मग रेखांश म्हणतो. या फाइलीला आधी रेखांश लागतो. क्रम उलटला, तर ओझरचा विमानतळ थेट नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पडतो!

रेषांचाही प्रश्न होता. पृथ्वी गोल, त्यामुळे दोन गावांमधला जवळचा रस्ता सपाट नकाशावर वाकडा दिसतो. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी रेषा पूर्वेला किंवा पश्चिमेला न जाता उत्तरेकडे ध्रुवप्रदेशावरून वळते. विश्वास बसत नसेल, तर आपल्या विभागातील पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा. आणखी एक अडचण म्हणजे ओझरहून निघून ओझरलाच उतरलेली उड्डाणे. त्यांना लांबीच नाही, मग रेषा कसली? अशा ठिकाणी मी वर्तुळ काढले. जितकी उड्डाणे अधिक, तितके वर्तुळ मोठे.

नकाशा तयार झाला. त्यात एक रेषा माझ्या विशेष आवडीची आहे: कराची, अहमदाबाद, जुहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन छोट्या पस मॉथ विमानाने याच वाटेने मुंबईला आले. अहमदाबादेत त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. वयाच्या ७८ व्या वर्षी, १९८२ मध्ये, त्यांनी तो प्रवास पुन्हा केला. माझ्या वहीत त्या साऱ्याच्या दोन ओळी आहेत. बैलगाडीसाठी लॉगबुकात रकाना नसतो.

आजोबांनी नकाशा पाहिला. ओझरच्या मोठ्या वर्तुळावर बोट ठेवून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आणि कोरापुट कुठे आहे यात?” मिग-२१ चा सांगाडा ओझरला होई, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला. जोडणी होऊन विमान ओझरच्या धावपट्टीवरून उडे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ वायुदलातून निवृत्त झाले, तेव्हा आजोबा दूरदर्शनसमोरून हलले नव्हते. त्या विमानाच्या प्रत्येक उड्डाणाची नोंद कुठल्या तरी वैमानिकाच्या वहीत असेल. ज्याने पत्र्याला पत्रा जोडला त्याची वही कोणती?

मी आज्ञावलीत आणखी एक यादी वाचण्याची सोय केली. तिच्यात ठिकाणे हाताने लिहायची आणि रेषांचा रंग वेगळा. कोरापुट ते ओझर, हैदराबाद ते ओझर. तिसरी रेषा मी मनानेच घातली: आमचे घर ते कारखान्याचे दार. वीस किलोमीटर, जाऊन-येऊन चाळीस. वर्षाचे कामाचे दिवस सुमारे २८०, वर्षे ३६. बेरीज आली ४,०३,२०० किलोमीटर. माझी तीनशे उड्डाणे मिळून ४८,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला जेमतेम एक प्रदक्षिणा. चंद्र मात्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. जन्मात कधी विमानात न बसलेला माणूस बसच्या खिडकीशी बसून चंद्राच्या पलीकडे पोचला होता!

ही युक्ती विमानांपुरती नाही. त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला चालत जाणाऱ्या वारकऱ्याचे मुक्काम, एसटी वाहकाच्या फेऱ्या, माहेराहून सासरी आणि सासरहून माहेरी गेलेल्या आजीच्या वाटा, सारे याच रीतीने नकाशावर येईल. विज्ञान शाखेची वाट पाहण्याचे कारण नाही. यादी घरातल्या माणसांजवळ बसूनच करावी लागते, आणि ते काम आपल्याला जमण्यासारखे आहे.

माझा हिशेब मात्र आजोबांनी तसाच मान्य केला नाही. “यातले दोन महिने वजा कर,” ते म्हणाले. “तुझी आजी आजारी होती, मी घरी होतो.” मी कामाचे सेहेचाळीस दिवस धरून १,८४० किलोमीटर वजा केले. चंद्र तरीही मागेच राहिला. आणि ते दोन महिने मी नकाशात आमच्या घरावर एक लहानसे वर्तुळ काढून दाखवले आहेत.