हौसेची होडी

निवृत्त झाल्यावर एक लहानशी होडी घ्यावी, असे मी घरात प्रथम बोलून दाखवले तेव्हा कोणी हसले नाही, आणि हीच गोष्ट मला अधिक गंभीर वाटली. सदतीस वर्षे शिक्षकी केलेल्या माणसाने पुस्तके घ्यावीत, फार तर घराला एक पडवी काढावी. होडी ही आमच्या गावात पोटाची वस्तू आहे, हौसेची नव्हे. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी तर सरळच विचारले, “गुरुजी, मासे मारायचे नाहीत, वाळू काढायची नाही; मग होडी कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी होते, पण ते चारचौघांत सांगण्याजोगे नव्हते. माझे बालपण वाशिष्ठीच्या खाडीकाठी गेले. चिपळूणजवळच्या गोवळकोटपासून ही नदी वळणे घेत, दोन्ही तीरांवरची खाजणे भिजवीत दाभोळपाशी समुद्राला मिळते. एकेकाळी मुंबईची आगबोट दाभोळ बंदरात येई आणि तेथून उतारू लाँचने गोवळकोटपर्यंत जात. ते दिवस मी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातूनच अधिक जाणले. मात्र पलीकडच्या तीरावरील शाळेत जाण्यासाठी तरीची होडी आम्हाला रोजचीच होती. तांडेल वल्हे मारी आणि आम्ही मुले दप्तरे पोटाशी धरून बसत असू. वल्ह्याला कोणी हात लावलेला त्याला खपत नसे. पुढे नोकरी लागली, रस्ते झाले, पूल झाले. परंतु पाण्याशी माझे नाते उतारूचेच राहिले. आयुष्यात एकदा तरी वल्हे आपल्या हाती असावे, एवढीच ती इच्छा होती.

पत्नीची अडचण वेगळी होती. तिचे माहेर रेवसकडचे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तिच्या आजोबांचे धाकटे भाऊ त्या बोटीवर होते. ही गोष्ट तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची. तरीही त्या घरात समुद्राचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली जात असे. तिने मला अडवले नाही. ती इतकेच म्हणाली, “तुम्ही होडी घ्या. पण छान दिसते का, असे मला विचारू नका. ती बुडणार नाही, एवढे मला पटवून द्या.”

त्या दिवसापासून नवी होडी की जुनी, हा प्रश्न केवळ पैशांचा राहिला नाही.

आरंभ मी नव्यापासून केला. काचतंतू आणि रासायनिक राळ यांपासून होड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात गेलो. साच्यातून नुकतीच निघालेली चौदा फुटी पांढरी होडी तेथे ठेवलेली होती. तिच्या पृष्ठावर माझा चेहरा दिसत होता. नव्या वस्तूचा मोठा गुण हा की तिला भूतकाळ नसतो. ती कोठे आपटली, कोणी तिची हेळसांड केली, हे प्रश्नच तेथे उद्भवत नाहीत. लाकडाप्रमाणे ती कुजत नाही, फळ्यांच्या सांध्यांत दरवर्षी कापूस आणि राळ भरावी लागत नाही. पण किंमत ऐकली आणि माझ्या भविष्यनिर्वाह निधीचा निम्मा भाग डोळ्यांसमोरून वाहून गेला. शिवाय आणखी एक विचार मनात आला. नवशिक्या माणसाची होडी पहिल्या वर्षी खडकाला घासणारच. आमच्या खाडीतले दगड कालवांनी भरलेले. त्यांची धार कोयत्यासारखी. आरशासारख्या त्या पृष्ठावर पहिला ओरखडा उठेल या भीतीने मी होडी पाण्यात घालण्याऐवजी अंगणातच झाकून ठेवीन, हे मला माझ्या स्वभावावरून दिसत होते.

मग मी जुन्याकडे वळलो, आणि वळलो तो पार वाहवत गेलो. खाडीच्या वरच्या अंगाला एका कुटुंबाची लाकडी होडी विकाऊ होती. घरधनी वारलेले, मुले मुंबईला नोकरीत. होडी सागाची, नाळेकडे सुंदर उचललेली, नुकताच निळा रंग दिलेली. तिच्या फळीवर बसताच मला तरीच्या होडीतील माशाच्या तेलाचा तो ओळखीचा वास आला आणि मी मनातल्या मनात व्यवहार करून मोकळा झालो. किंमतही नव्या होडीच्या चौथाईहून कमी होती. पत्नी काठावर उभी होती. तिने एवढेच सुचवले की, एखाद्या जाणत्याला दाखवू या.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गावच्या वृद्ध सुतारांना घेऊन गेलो. होड्या बांधण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. त्यांनी रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. ते आत वाकले, हुंगले आणि म्हणाले, “गुरुजी, रंग ताजा आहे, पण वास कुजका येतोय.” मग त्यांनी पिशवीतून एक दाभण काढला. फळ्यांना आतून आधार देणाऱ्या ज्या बाकदार फासळ्या असतात, त्यांतील एकीवर त्यांनी तो टेकवला आणि अंगठ्याने किंचित दाबला. दाभण मुठीपर्यंत आत गेला. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. त्याला आपण किडा म्हणतो, पण तो खरे तर शिंपल्यांच्याच कुळातला. बाहेर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र ठेवून तो आत लाकडाची चाळण करतो. वरून फळी अखंड दिसते, हाताला गुळगुळीत लागते, आणि आत काही उरलेले नसते.

“दुरुस्त होईल?” मी विचारले. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

“होईल की. फासळ्या बदलायच्या, तळाच्या फळ्या बदलायच्या, कणा बदलायचा,” ते शांतपणे म्हणाले. “मग जुने काय उरले, ते तुम्हीच सांगा.”

मी पत्नीकडे पाहिले नाही. आठवणीच्या भरात मी तिला ज्या होडीत बसवायला निघालो होतो, तिचा तळ एका दाभणाने सांगून टाकला होता.

आपल्याकडे नवे आणि जुने हा वाद साहित्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सर्वत्र चालतो. बहुधा आपण आधी बाजू घेतो आणि मग कारणे शोधतो. माझेही तसेच झाले होते. नव्याची मला भीती वाटली, ती त्याच्या झळाळीची. जुन्याचा मोह पडला, तो त्याच्या वासाचा. होडीकडे होडी म्हणून मी पाहिलेच नव्हते. ते त्या सुतारांनी पाहिले.

तिसरी होडी त्यांच्याच सल्ल्याने पाहिली. काचतंतूचीच, चौदा फुटी, पण सात-आठ वर्षे वापरलेली. खाडीकाठच्या एका निवासात पाहुण्यांना फिरवण्यासाठी ती घेतलेली होती. रंग उडालेला, काठ घासलेले. तिच्यावर प्रेम बसण्यासारखे काहीच नव्हते. ती उलटी करून सुतारांनी लाकडी हातोडीने तळ बोटाबोटाच्या अंतरावर ठोकून पाहिला. सर्वत्र टणक आवाज आला. थर सुटलेले असते, तर तो बद्द आला असता. पाण्याने फुगून आलेले फोड त्यांनी तळहाताने चाचपले. मागची आडवी फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, ती त्यांनी विशेष बारकाईने पाहिली. कारण तिच्या पोटात बहुधा लाकूड असते आणि भोकांतून पाणी शिरले की ते गुपचूप कुजते. इंजिन धरून त्यांनी जोराने हिसडा दिला. फळी हलली नाही. नोंदणीचे कागद मालकाच्याच नावे आहेत, याचीही त्यांनी मला खात्री करून घ्यायला लावली.

इंजिन मात्र त्यांनी नापास केले. त्याच्या खालच्या भागातले तेल काढले, तेव्हा ते दुधासारखे पांढुरके निघाले. म्हणजे आत पाणी शिरलेले होते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर प्रत्येक वेळी इंजिन गोड्या पाण्याने धुवावे लागते. ते कोणी धुतले होते की नाही, हे बाहेरून कधीच कळत नाही. “होडी घ्या,” सुतार म्हणाले, “इंजिन त्यांच्याकडेच राहू द्या.”

तसेच केले. होडी जुनी घेतली. इंजिन लहान, पण नवे घेतले. प्राणरक्षक जाकिटे, नांगर आणि नांगराचा दोर हेही नवेच. वल्ही मात्र सुतारांनी स्वतः घडवून दिली. सगळे मिळून खर्च नव्या होडीच्या निम्म्याहून कमी झाला आणि उरलेल्या पैशांतला काही भाग पुढील डागडुजीसाठी बाजूला ठेवता आला. या व्यवहारातून मी एवढेच शिकलो की नवे की जुने हा प्रश्न सगळ्या होडीला मिळून विचारायचाच नसतो. जे ठोकून, टोचून, हाताने चाचपून पाहता येते, ते जुने चालते. ज्याचे पोट पाहता येत नाही आणि ज्यावर जीव अवलंबून आहे, ते नवेच असावे.

हे मी पत्नीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “जाकिटे किती घेतलीत?”

“चार.”

“आपण दोघेच तर आहोत.”

“कोणी सोबत आले तर?”

ती काही बोलली नाही. पण पहिल्या दिवशी मी होडी पाण्यात ढकलली, तेव्हा ती जाकीट चढवून आधीच आत बसलेली होती. बंद नीट लागले आहेत की नाहीत, हे तिने दोनदा ओढून पाहिले. मग माझेही पाहिले. त्या दिवशी ओहोटीचा अंदाज चुकून मी होडी गाळात रुतवली. भरती येईपर्यंत आम्ही दीड तास खाजणातले बगळे पाहत बसलो. परतताना एका खडकाला काठ घासला. मला त्याचे काहीच वाईट वाटले नाही, आणि या गोष्टीचेच मला आश्चर्य वाटले.

पावसाळ्याच्या तोंडावर होडी काठावर ओढून झापांनी शाकारली आहे. शेजारचे गृहस्थ परवा पुन्हा विचारीत होते, होडी कशाला म्हणून. नारळी पौर्णिमेनंतर एकदा या, असे मी त्यांना म्हणालो आहे. जाकीट त्यांच्या मापाचे आहे.