तीन, सात आणि अरबी भाषा

आज १८ डिसेंबर, जागतिक अरबी भाषा दिन. १९७३ साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रांनी अरबीला आपल्या अधिकृत भाषांत घेतलं. आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटली. मीही तिकडे नोकरी केली, म्हणून आज चार शब्द.

तिकडची तरुण मंडळी मेसेज कशी लिहितात माहितीये? रोमन अक्षरं आणि मधेच आकडे. अरबीत काही उच्चार असे आहेत की त्यांना रोमन लिपीत अक्षरच नाही. मग 'ऐन'साठी ३, कारण उलटा इंग्रजी तीन तसाच दिसतो. घशातून येणाऱ्या 'ह'साठी ७. म्हणजे 'हबीबी' सातने सुरू होतं आणि 'अरबी' हा शब्दच तीनने! याला नाव पडलं अरबीझी.

ही काही फॅशन नव्हती. सुरुवातीच्या फोनांवर अरबी लिपी धड चालत नव्हती. शिवाय एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० मावायची, अरबी फक्त ७०. (देवनागरीचंही हेच होतं बरं का.) फोन सुधारले तशी लिपी बरीचशी परत आली.

माझ्या मते खरा बदल वेगळाच आहे. अरबीत लिहायची भाषा एक आणि बोलायची दुसरी. बातम्या, पुस्तकं, भाषणं 'फुसहा'त. घरात आपापली बोली. मोरोक्कोचा माणूस भरभर बोलला तर इराकच्याला कळताना मारामार. बोलीत गाणी होती, नाटकं होती, पण पत्र लिहायला बसलं की फुसहाच. मोबाइलने ही भिंत पाडली. आईशी जसं बोलतो तसं लोक लिहू लागले. २००८ मध्ये इजिप्शियन बोलीचा विकिपीडिया निघाला, २०२० मध्ये मोरोक्कोच्या बोलीचा.

आणि भाषेची पचनशक्ती बघा. 'ब्लॉक'मधली ब-ल-क ही तीन व्यंजनं उचलली आणि 'बल्लक' असं अस्सल अरबी घाटाचं क्रियापद करून टाकलं. मरायला टेकलेल्या भाषेला हे जमत नाही.

मे २०२१ मध्ये गाझावर बॉम्ब पडत होते, तेव्हा पॅलेस्टाइनवरच्या पोस्ट उडवल्या जातात अशी लोकांची तक्रार होती. मग अनेकांनी अक्षरांवरचे नुक्तेच काढून लिहायला सुरुवात केली. अगदी जुन्या हस्तलिखितांत नुक्ते फार तुरळक असायचे, कित्येकदा नसायचेच. माणूस संदर्भाने वाचतो, यंत्र अडखळतं. हजार वर्षांपूर्वीची रीत अशी कामाला आली.

मग काळजी कशाची? आकड्यांची नाही. आखातात महागड्या शाळेची आणि बड्या नोकरीची भाषा इंग्रजी झालीय, त्याची. घरात अरबी, वर्गात इंग्रजी अशी वाढलेली मुलं फुसहातलं पुस्तक हातात घेतील का?

हा प्रश्न ओळखीचा वाटला ना? आपणही रोमनमध्ये 'काय करतोयस' लिहिणाऱ्या पोरांवर डाफरतो आणि शाळा मात्र इंग्रजी निवडतो. उलट मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी आज मोबाइलवर जेवढी लिहिली जातेय तेवढी पूर्वी कधी जात होती?

तुमच्या घरच्या ग्रुपवर कुठली बोली चालते? सांगा. त्याच बोलीत सांगा.