अस्सल सावजीचा पत्ता

नागपूरला येणारे साहित्यिक पाहुणे व्याख्यान आटोपले की हळूच विचारतात, ‘अस्सल सावजी कुठे मिळेल? आणि फार महाग नको.’ दुसऱ्या अटीचे उत्तर सोपे आहे. पहिली मात्र मला विचारात पाडते.

सावजी हे हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातले जेवण. खसखस, सुके खोबरे, धणे, मिरे, दगडफूल यांचे भाजून केलेले काळपट वाटण, पूर्वी जवसाचे तेल, सोबत ज्वारीची भाकर. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या कापडापुढे हातमाग मागे पडत गेला आणि पुढे ती गिरणीही बंद झाली. मागावरची मिळकत आटली तशी काही घरांनी आपली चूल गिऱ्हाइकांसाठी पेटवली. म्हणजे ज्या खाद्यपरंपरेचा आपण गौरव करतो, तिच्यामागे एका कसबाची पीछेहाट आहे.

आता ‘सावजी’ची पाटी पुण्या-मुंबईतही दिसते. तिथे तिखटपणा म्हणजेच अस्सलपणा, आणि डोळ्यांतले पाणी ही त्याची पावती. हे एखाद्या ग्रामीण कादंबरीला केवळ तिच्यातल्या शिव्यांसाठी दाद देण्यासारखे झाले.

म्हणून मी पाहुण्यांना भोजनालयाचे नाव सांगत नाही. गोळीबार चौक, पाचपावली या भागांतल्या गल्ल्यांतून पायी हिंडा, म्हणतो. जिथे शेजारपाजारची माणसे घरून डबा आणून रस्सा नेतात, तिथे बसा. तो रस्सा पाहुण्याला घाबरवण्यासाठी रांधलेला नसतो. उद्या पुन्हा येणाऱ्यासाठी असतो.