चार कोपरे आणि एक खुर्ची

पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला लोक रसिक म्हणतात, जुनी नाणी जमवणाऱ्याला व्यासंगी म्हणतात. पण दोघांनी धरल्याशिवाय न हलणारी टेपयंत्रे जो जमवतो, त्याची चौकशी लोक त्याच्या बायकोकडे हलक्या आवाजात करतात. मी या तिसऱ्या वर्गातला. आमच्या घरी अशी तीन यंत्रे आहेत. एक चालते, दुसरे त्याला सुटे भाग पुरवते आणि तिसरे कधी तरी चालेल या आशेवर मी चालतो.

ही यंत्रे साधीसुधी नव्हेत. चार वाहिन्यांची आहेत. स्टीरिओत गाणे समोरच्या दोन स्पीकरांतून येते, यांत ते खोलीच्या चारही कोपऱ्यांतून येते. १९६९ साली अमेरिकेत व्हॅनगार्ड कंपनीने अशा चौपदरी टेपा विकायला काढल्या. पुढच्याच वर्षी आरसीएने त्या बंद डबीत घालून आणल्या. मग तबकड्याही निघाल्या आणि तिथेच घात झाला. एसक्यू, क्यूएस आणि सीडी-४ अशा तीन पद्धती, आणि एकीचे दुसरीशी पटेना! कोणते यंत्र घ्यावे हे गिऱ्हाइकाला उमगेपर्यंत ते दशक सरत आले आणि बाजारही उठला.

टेपेचे मात्र कौतुक करावे तेवढे थोडे. एसक्यू किंवा क्यूएस तबकडीत चार आवाज दोनांत मिसळून पुन्हा वेगळे करावे लागत. दुधात घातलेले पाणी परत काढावे, तसा तो उद्योग. टेपेवर पाव इंच रुंदीत चार पट्ट्या शेजारी शेजारी धावतात आणि कोणी कोणाच्या हद्दीत शिरत नाही. साधी स्टीरिओ टेप दोन पट्ट्या जाताना आणि दोन उलटल्यावर वापरते. ही चारही एकदम खर्च करते. १२०० फुटांचे रीळ, सेकंदाला साडेसात इंच या वेगाने, ३२ मिनिटांत संपते. उधळपट्टी खरी, पण राजेशाही!

अमेरिकेतले यंत्र इकडे आणले म्हणजे निराळीच गंमत होते. तिथली वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५० ची. विजेच्या ठेक्यावर चालणारी त्याची मोटर इथे सहापैकी पाचच पावले टाकते. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारवर उतरते, आणि तीही पेंगत. मोटरवरची पुली बदलली की बाई जागी होते.

पण खरा वैरी विजेत नाही, हवेत आहे. लोहकण टेपेला धरून ठेवणारा लेप काही जातींच्या टेपांत वर्षानुवर्षे दमट हवा पीत राहतो आणि शेवटी चिकट होतो. अशी टेप वाजवली की ती किंचाळते आणि हेडवर तपकिरी भुकटी सोडते. ती भुकटी म्हणजेच गाणे! अशा वेळी टेप मंद आचेवर, ५०-५५ अंशांत, कित्येक तास शेकतात. मग ती काही दिवस शुद्धीवर येते. मी फळे सुकवण्याच्या यंत्रात टेप ठेवली, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “माझ्या सांडग्यांपाशी कधी इतका वेळ बसला नाहीत.”

त्यांची मुख्य तक्रार मात्र खुर्चीविषयी असे. चार स्पीकर, आणि नीट ऐकू येणारी जागा एकच, मधोमध! “गाणे म्हणजे चारचौघांत ऐकायची गोष्ट,” त्या म्हणत, “तुमच्या गाण्यात दुसऱ्याला जागाच नाही.” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ते ज्या टेपेने दिले, ती माझ्या आत्याची. तिची तबकडी कधी निघाली नाही. १९८४ साली तिच्या माजघरात मी चार मायक्रोफोन लावून तिचे तासाभराचे गाणे टिपले होते. अलीकडे ती टेपही चिकटली. ती शेकून, हेड पुसून, एकाच खेपेत वाजवायची आणि त्याच खेपेत संगणकावर उतरवून घ्यायची, असे ठरले. बिनसले असते तर आत्याचा आवाज पुसून टाकलेल्या बोळ्यावर राहिला असता.

माझे लक्ष यंत्राच्या काट्यांकडे, म्हणून खुर्ची रिकामी होती. सौभाग्यवती तीत बसल्या. एका बाजूने तबला, दुसरीकडून पेटी, मागून दोन तंबोरे. आणि मला एकदम उमगले, की ही श्रोत्याची जागा नव्हेच. मैफलीत श्रोता समोर असतो. चहूबाजूंनी सूर फक्त गाणाऱ्यालाच वेढतात. एवढी वर्षे मी ज्या खुर्चीत बसत होतो, ते आत्याचे आसन होते.

मागच्या उजव्या कोपऱ्यातला तंबोरा त्या दिवशी नव्याने घरात आलेल्या सुनेकडे होता. ती सूनच आता खुर्चीत होती. रीळ फडफडत संपले तरी ती उठली नाही.

“माझा जोड उतरला होता,” शेवटी ती म्हणाली. “आणि आत्याबाई तासभर एका शब्दाने बोलल्या नाहीत.”